निगडीचा निरोध वर्ग

अमळनेरला आमची पिठाची गिरणी आहे. चालवते मी. नवरा नावाला मालक, आणि पट्टा निसटला की हाक मारायला उपयोगी पडतो. गिरणीवर जन्म काढलेल्या बाईला मोठ्यानं बोलायची सवय लागते आणि कुणावर विश्वास न ठेवायचीही. दळण न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला वाटतं, मी तिचं पसाभर पीठ मारलं. मला वाटतं, हिनं वाटेत बहिणीला वाटीभर दिलं आणि आता ते माझ्या नावावर खपवतेय. आम्ही एकमेकींकडे संशयानं बघतो, हसतो, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच. त्यामुळे आमच्या गल्लीतला रमेश पिंपरीहून सुट्टीवर आला आणि माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

रमेश माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या, शेजारी राहायचा. वसंता तिकडे एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा. (त्याचं आणि भावजयीचं नाव मी इथं बदललंय, रमेशचंही.) रमेश आधी चहा प्याला, मग पाणी प्याला, मग म्हणाला की विमलवहिनी पोरीला घेऊन माहेरी चाकणला निघून गेल्यात आणि वसंता दर गुरुवारी निगडीला निरोधच्या वर्गाला जातो.

आणीबाणीतला दुसरा हिवाळा होता तो. ज्यांना ते दिवस आठवत नाहीत त्यांना सांगते, निरोध म्हणजे सरकारी कंडोम, आणि तेव्हा हा शब्द बायामाणसांत काढायचा नसे. भिंतीभिंतीवर हा शब्द, त्याखाली लाल त्रिकोण, आणि आया पोरांना दुसऱ्या बाजूला बघायला लावायच्या. त्यात नसबंदीची धास्ती. आमच्याकडे बाजाराला निघालेले धडधाकट पुरुष सरकारी गाडी दिसली की ज्वारीत शिरायचे. अशात माझा भाऊ आपल्या पायांनी वर्गाला जातो म्हणजे काय? आणि शिकवतात तरी काय तिथं?

वसंता-विमलला तेव्हा सहा वर्षांची मुलगी होती, मंगल. तिच्या पाठीवरचा मुलगा आठ महिन्यांचा होऊन तापात गेला. त्याला वर्ष होत आलं होतं. विमलला आणखी मूल हवं होतं. दिवाळीला आली तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिनं हे सांगितलं होतं. त्या पोरीची आशा शिल्लक आहे की कुणी परस्पर कापून टाकली, एवढं बघायला मी निघाले. नवऱ्याला सांगितलं, भावाला भरताची वांगी देऊन येते.

मंगळवार, पिंपरी

नाशिक फाट्याला उतरले आणि घाबरले. भोंगा झाला होता, आणि समोरून शेकडो सायकली एकदम अंगावर आल्या. आमच्याकडे एवढी माणसं एकदम धावली तर समजायचं कुठंतरी आग लागलीय. मी टोपली घेऊन मागे सरले ती एका केळीवाल्याच्या गाडीवर आदळले, आणि माझी वांगी रस्त्यावर. सायकलवाले चाकं वळवून वळवून जात होते, पण एकानं सगळ्यात मोठं वांगं चिरडलंच. वर मलाच म्हणाला, "ओ मावशी, रस्ता काय मंडईए का?" केळीवाल्यानं मात्र राहिलेली उचलून दिली. देताना एक स्वतःच्या गाडीखाली ढकललं, ते मी बघितलं आणि काढून घेतलं.

वसंताची खोली संत तुकाराम नगरात, पहिल्या मजल्यावर. बाई नसलेलं घर दारातच कळतं. इथं मात्र सगळं जागच्या जागी, भांडी लखलखीत, आणि वसंता गॅलरीत चटईवर मांडी घालून भिंतीकडे बघत बसलेला. मला बघून उठला, पाया पडला. उठताना गुडघ्यावर हात टेकून, पाय जरा फाकवून. मी बघितलं. चालतानाही तसाच.

मी चूल ताब्यात घेतली. वांगी भाजली, ठेचली, कांदा चिरायला घेतला तर म्हणतो, "अक्का, मी कांदा सोडलाय." खानदेशी माणूस कांद्याच्या पातीशिवाय भरीत खाणार, हे मला नवीन होतं. शिवाय याची सासुरवाडी चाकणची, घरचा कांदा. म्हटलं, बायकोच्या माहेरची एक गोष्ट पानात चालत होती, तीही बंद केलीस. तो हसला नाही. मोरीत पितळेची एक छोटी झारी दिसली, लांब तोंडाची. हे काय, विचारलं. नाकात पाणी घालायची, वर्गात मिळाली, म्हणाला. माझ्या डोक्यात वेगळंच आलं. ऑपरेशन करून घेणाऱ्याला सरकार काहीबाही देतं, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. आमच्या शेजारच्या गावात एकाला रेडिओ मिळाला होता. याला झारी?

त्याचं अंथरूण गॅलरीत होतं. एवढ्या थंडीत. विमल जायच्या आधीपासून तो तिथंच झोपत होता, हे शेजारणीनं मला पाणी भरताना सांगितलं, मी न विचारता.

संध्याकाळी मी सरळच विचारलं. आमच्यात आडपडदा नाही, आई गेल्यावर त्याला मीच न्हाऊमाखू घातलंय. म्हटलं, वसंता, ते ऑपरेशन केलंस का तू? त्यानं आधी मला विचारलं की हे कुणी सांगितलं. मग म्हणाला, अक्का, वर्गात मन आवरायला शिकवतात, मन फार धावतं माझं, प्रेसवर हात असताना धावतं. प्रेसवर मन धावलं तर बोटं जातात, एवढं मलाही ठाऊक होतं. तेवढ्यात भोंगा झाला आणि तो डबा घेऊन शिफ्टला गेला. जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बुधवार, चाकण

सकाळच्या एसटीनं चाकणला गेले. भोसरी सोडली की कारखान्यांची पत्र्याची छपरं संपतात. मोशीला इंद्रायणी ओलांडली, नदीवर धुकं होतं. पुढं मग शेतंच शेतं. आमच्या काळ्या जमिनीसमोर इथली माती मला हलकी वाटली, पण कांदा काय देखणा. लागणीचे दिवस होते. बायका ओळीनं वाकून चिखलात रोपं टोचत होत्या. त्यातच विमल सापडली, कोपरापर्यंत चिखल. मला बघून आली, पाया पडली, आणि एकदम रडायला लागली.

तिची आई सोनाबाई, म्हणजे माझी विहीण, बांधावर होती. खमकी बाई. आधी जेवायला बसवलं, मग भांडल्या. बाजरीची भाकरी, पात घातलेला झुणका आणि लाल मिरचीचा ठेचा. मी ठेचा दुसऱ्यांदा घेतला तशा त्या माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्याकडे असला ठेचा लेकरांना देतात, असं मी सांगितलं. ते खोटं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मुलाकडची बाजू पडती कशी घ्यायची? मंगल माझ्या पाठीशी टेकून बसली होती आणि बाबा कधी येणार, असं विचारत होती.

विमलनं सगळं सांगितलं. मागच्या महिन्यापासून नवरा नजरेला नजर देत नाही. पहिल्यांदा चार दिवस पोटात दुखतंय म्हणून पडून होता, मग गॅलरीत झोपायला लागला. मग कांदा सोडला. मग गुरुवारी सकाळी गायब व्हायला लागला. (वसंताच्या कारखान्याला रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी. तिकडे रविवार हा कामाचा दिवस, हे मला शेवटपर्यंत विचित्र वाटलं.) एका गुरुवारी ती त्याच्या मागे बसमध्ये चढली, पदर तोंडावर घेऊन. निगडीला उतरून लांबून बघितलं. अर्धवट बांधलेला बंगला, खिडक्या नाहीत, आत सगळे पुरुषच. आणि दारावर पाटी. तिला वाचता येतं, सातवी झालीय. तीच पाटी बघून ती मंगलला घेऊन माहेरी आली.

"मला काय कळत न्हाई व्हय, वन्सं?" ती म्हणाली. "कायतरी झालंय. माजं मन सांगतंय."

सोनाबाई म्हणाल्या की मन नंतर बघू, आधी त्या मास्तराचं तंगडं मोडायचं. त्यांच्या मते वर्ग वगैरे काही नाही, बाप्यांना गोड बोलून बसवायचं आणि आतल्या खोलीत नेऊन कापायचं, असा हा सगळा बनाव. मला ते पटलं. अगदी तंतोतंत पटलं. अर्धवट बंगला, खिडक्या नाहीत, फुकट झारी. डाळीत काळं नव्हे, काळ्यातच थोडी डाळ होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार. मंगलला मामीपाशी ठेवून आम्ही तिघींनी जायचं ठरवलं.

गुरुवार, निगडी

निगडीला बसचा शेवटचा थांबा. तिथून पुढं प्राधिकरण म्हणतात ती नवी वसाहत. वसाहत म्हणजे तेव्हा आखलेले रस्ते, खडी, वाळकं गवत, आणि मधेमधे एखादा बंगला, शेजाऱ्याची वाट बघत बसलेला. आमच्या गावात घराला घर चिकटलेलं, भांडण झालं की दोन्हीकडं ऐकू जातं. इथं एखाद्याचा गळा कापला तरी कुत्रं भुंकणार नाही, असं मी म्हटलं आणि विमलचा चेहरा बघून जीभ चावली. सोनाबाईंच्या पदराखाली खुरपं होतं. लागणीचं राहिलं चुकून, म्हणाल्या.

पाटी विमलनं सांगितली तशीच होती. वर मुंगीएवढ्या अक्षरात "चित्तवृत्ती". खाली हातभर अक्षरात "निरोध वर्ग". त्याखाली "फक्त पुरुषांसाठी. विनामूल्य." आणि सगळ्यात खाली लालभडक त्रिकोण.

आतून कुणीतरी मोजत होतं, श्वास घ्या, सोडा. पायांतून गारठा चढत असलेल्या त्या खोलीत पंधरावीस पुरुष सतरंजीवर डोळे मिटून बसले होते. वसंता भिंतीकडेला. समोर एक उंच गृहस्थ, पांढरा पायजमा, गळ्यात शिट्टी. हे गायकवाड सर, शाळेत कवायत शिकवत. बौद्ध वस्तीतल्या कामगाराचा मुलगा, लोणावळ्याला जाऊन योग शिकून आलेला, आणि हा बंगला त्यांच्या मेव्हण्याचा, पैसा संपल्यामुळे अडलेला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त शिट्टी दिसली आणि वाटलं, ही वाजली की आतून डॉक्टर येणार.

आम्हाला दारात बघून सरांना आनंद झाला. खरंच झाला. ते उठून आले, हात जोडले आणि म्हणाले की बायकांनीही यावं असं त्यांना फार वाटत होतं, पण वेगळी खोली नाही म्हणून पाटीवर तसं लिहावं लागलं. बसा, म्हणाले. सुरुवातीला थोडं दुखतं, मग सवय होते.

दुखतं म्हटल्यावर सोनाबाईंनी खुरपं काढलं.

"माज्या जावयाला काय केलंस ते सांग," त्या म्हणाल्या. "आन कुटल्या खोलीत कापता ते दाव."

पंधरावीस डोळे उघडले. सर आधी खुरप्याकडे बघत राहिले, मग आमच्याकडे, मग काहीतरी सुचल्यासारखे बाहेर गेले आणि आपल्याच पाटीसमोर उभे राहिले. बराच वेळ. महिनाभर ती पाटी तिथं होती आणि त्यांनी ती आल्यागेल्याच्या डोळ्यांनी कधी वाचलीच नव्हती. परत आले ते कपाळावर हात मारत. पेंटर ओळखीचा, म्हणाले. कुटुंबनियोजनाच्या भिंती रंगवण्याचं काम त्याच्याकडे. सरांनी त्याला कागदावर "चित्तवृत्तिनिरोध वर्ग" असं लिहून दिलं होतं. चित्तवृत्ती त्याला कळलं नाही, ते त्यानं बारीक काढून टाकलं. निरोध मात्र त्याच्या हाताला पाठ. निरोध आलं म्हणजे मोठं काढायचं, आणि निरोध संपला की त्रिकोण. तो हातानंच काढला, डोक्याला न विचारता.

आधी सोनाबाई हसल्या, खुरपं धरूनच. मग सतरंजी हसली. एक जण म्हणाला, "तरीच माझी बायको म्हणते, आता कशाला जाता राव, व्हायचं ते झालं." विमलनं पदर तोंडाला लावला होता. ती हसतेय की रडतेय मला कळेना, मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, हसतेय. माझ्या जिवात जीव आला. वसंताही हसला, सगळ्यांचं हसून संपत आल्यावर.

सरांनी मग समजावून सांगितलं. योगात निरोध म्हणजे कापणं नाही, बंद करणंही नाही. मन सारखं कसलातरी आकार घेत असतं, कधी रागाचा, कधी आठवणीचा, कधी संशयाचा, त्यांना म्हणायचं वृत्ती. त्यांच्याशी कुस्ती खेळायची नाही. एका जागी बसायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं, आणि त्या येतील तशा येऊ द्यायच्या, जातील तशा जाऊ द्यायच्या. रोज करायचं आणि फळाची घाई करायची नाही. मशीनवरचा माणूस असो की शेतातला, हळूहळू मन एका ठिकाणी राहायला लागतं. मी विचारलं, संशय येऊच नये असं होतं का? नाही, म्हणाले, पण तो तुम्हाला ओढत नेत नाही, तुम्ही त्याच्याकडे बघू शकता. मला वाटलं, हे बरंय, गिरणीवर उपयोगी पडेल.

आम्हालाही बसवलं. डोळे मिटा म्हणाले. मी पिशवी मांडीखाली घेतली आणि मगच मिटले. श्वास एक झाला, दोन झाले, आणि मन अमळनेरला. नवऱ्यानं बाजरीवर गहू टाकला असणार, पाटीलबाई ओरडत असणार. परत आणलं. मग केळीवाल्यानं आणखी एखादं वांगं मारलं असेल का? परत आणलं. डोळे किलकिले करून बघितलं तर सोनाबाई बसल्या बसल्या घोरत होत्या.

निघताना सोनाबाईंनी सरांना फटकारलं की कांदा का बंद केलात जावयाचा, आमी काय खायचं मग? सर गोंधळले. त्यांनी कुणालाच कांदा सोडायला सांगितला नव्हता. वेगळं झोपायलाही नाही. ते स्वतः संसारी, चार मुलांचे बाप, रोज कांदा खाणारे. सगळे वसंताकडे बघायला लागले. तो म्हणाला, मीच मनानं ठरवलं. त्यावर पुन्हा हशा झाला, गुरूपेक्षा चेला पुढं निघाला म्हणून.

बसकडे येताना विमल माझ्या बाजूनं चालत होती. हळूच म्हणाली की वन्सं, सरांनी सांगितलं नाही, तर मग ते वेगळे का निजतात? मी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, आता पुरे. पाटी खोटी निघाली, बनाव खोटा निघाला, आता काढ ते डोक्यातून आणि मन शांत ठेव. ऐकलंस ना सर काय म्हणाले? तिनं मान हलवली आणि आमच्याबरोबर पिंपरीला घरी आली. सोनाबाई मंगलला पोचवायचं कबूल करून चाकणच्या एसटीत बसल्या.

त्या संध्याकाळी विमलनं पुरण घातलं. कांद्याची भजीही केली, मुद्दाम, आणि वसंतानं ती खाल्ली. ती स्वयंपाक करता करता गुणगुणत होती. पुढच्या वर्षी बारशाला यायचं, भरीत तुम्हीच करायचं, असं मला बजावलं. वसंता तेव्हा मोरीत हात धूत होता, आणि ते त्यानं फार वेळ धुतले.

शुक्रवार, पिंपरी

माझी गाडी सकाळची होती. आवरून झालं, वेळ होता, म्हणून म्हटलं सरांचं ते करून बघू. गॅलरीत वसंताच्या चटईवर बसले. या वेळी मन गिरणीवर गेलं नाही. कशानं कोण जाणे, पण खाली सायकलींच्या घंट्या वाजत असताना ते थोडा वेळ खरंच एका जागी राहिलं. आणि त्या शांततेत एकच गोष्ट वर आली, न ओढता, न ढकलता. चार दिवस पोटात दुखत होतं. ते वर्गाच्या आधी.

नाशिक फाट्याला वसंता पोचवायला आला, त्याची दुपारची शिफ्ट होती. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं की वर्गाला जायच्या आधी तू चार दिवस पडून होतास, ते कशानं? मला वाटलं तो पुन्हा कानावर हात ठेवेल. तो तिथंच कठड्यावर बसला.

खरं होतं ते. आमची भीती खरी होती, फक्त माणूस चुकीचा धरला होता आम्ही. वसंता ठेकेदाराकडून लागलेला, कायम नव्हता. मुकादमानं शिफ्ट सुटताना काही जणांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की ऑपरेशन करून घेणाऱ्याचं नाव कायम करायला पाठवतो. ट्रक होता. कुठंतरी रस्त्याकडेला तंबू होता.

"बांधून नेलं नाही, अक्का," तो म्हणाला. "माझ्या पायांनी चढलो. तिथं विचारलं, मुलं किती? एक असेल तर करत नव्हते. मी दोन म्हणालो."

दोन. गेलेलं पोर त्यानं जिवंत धरलं होतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं, आणि मी दोन्हींतलं एकही केलं नाही. कायम केलं का, विचारलं. मान हलवली, नाही. पुढचं तो न विचारता बोलला. ती आशेनं जवळ येते ते बघवत नाही. सांगायला तोंड उघडत नाही. डोळे मिटले की तंबू दिसतो, प्रेसवर पण दिसतो. म्हणून सरांकडे गेला. सरांना यातलं काही ठाऊक नाही. कांदा, गॅलरी, सगळं त्यानं वर्गाच्या नावावर घातलं, कारण योगाच्या नावावर माणूस बायकोपासून लांब राहिला तर कुणी कारण विचारत नाही. वर्गात थोडं बरं वाटतं, म्हणाला. घरी आलं की पुन्हा सुरू.

माझी गाडी आली. कंडक्टरनं अमळनेर, धुळे असं ओरडून दोनदा माझ्याकडे बघितलं. मी वसंताला म्हटलं, चल, आत्ता सांगायचं तिला. तो म्हणाला, तूच सांग, अक्का. मी म्हटलं, नाही. गाडी गेली.

घरी परत आलो तेव्हा विमल तांदूळ निवडत होती. मला परत आलेली बघून, काय विसरलात, असं हसून विचारलं. मी वसंताला आत ढकललं, दार ओढून घेतलं आणि गॅलरीत उभी राहिले. आतून आवाज आला नाही. ना रडण्याचा, ना भांडण्याचा, भांडं पडल्याचासुद्धा नाही. मला वाटलं होतं ती किंचाळेल, मग मी जाईन, धरीन, समजूत घालीन. समजुतीची सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. विमल बाहेर आली. डोळे कोरडे होते, हाताला तांदळाचा पांढरा कोंडा. मी पुढं झाले तशी तिनं हात आडवा धरला, जोरात नाही, नुसता धरला.

"समदी म्हनली, मन शांत कर," ती म्हणाली. "सर म्हनले, तुमी म्हनला. माजं मन खरं सांगत व्हतं, वन्सं."

मी काहीतरी बोलायला गेले.

"तुमी जावा आता. दुसरी गाडी आसंल. मला आज कुनी शांत करू नका."

मी पिशवी उचलली आणि जिना उतरले.